एकच जॅझ अल्बम, चार रीमास्टर: कोणता खरंच चांगला वाजतो हे कसं ओळखायचं

ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' घ्यायचा ठरवलं की पहिला प्रश्न येतो कुठला घेऊ. जुनी सीडी आहे, नव्वदच्या दशकातलं रीमास्टर आहे, मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) आहे, हाय-रेझ (सीडीपेक्षा बारीक डिजिटल) फाईल आहे, १८० ग्रॅमची जाड एलपी आहे, आणि स्ट्रीमिंगवर एकाच कव्हरखाली तीन-चार वेगळे अल्बम दिसतात. सगळ्यांवर 'मूळ टेपवरून' असं काहीतरी छापलेलं असतंच. मी बरीच वर्षं अशा आवृत्त्या शेजारी शेजारी लावून ऐकतोय, आणि सुरुवातीच्या काळात काढलेले माझे बरेचसे निष्कर्ष नंतर बदलावे लागले, कान तेच होते पण ऐकायची पद्धत चुकत होती. ती पद्धत इथे सगळी लिहून काढतो.

तुलनेला १९५५ ते ६५ मधलं जॅझ फार चांगलं पडतं. सगळे वादक एका खोलीत, बहुतेक वेळा एक ते तीन ट्रॅकची टेप, थोडेच टेक. झांजेची कड, बेसच्या तारेवरचं बोट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचा श्वास, सगळं उघडं असतं, त्यामुळे रीमास्टर करणाऱ्याने कुठे हात लावलाय ते लगेच कळतं.

आधी हातात काय आहे ते शोधा

रीइश्यू, रीमास्टर आणि रीमिक्स हे शब्द दुकानात सरसकट एकाच अर्थाने फिरतात. रीइश्यू म्हणजे नुसतं पुन्हा काढलं, आत तोच जुना आवाज असू शकतो. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सची टेप परत वाजवून टोन आणि लेव्हल नव्याने बसवली. रीमिक्स म्हणजे त्याच्याही मागे जाऊन स्टुडिओत वेगवेगळे उतरलेले ट्रॅक परत एकत्र केले. तिसऱ्या प्रकारात वादकांमधलं अंतर, एको, सगळंच बदलू शकतं, मग त्याची पहिल्या दोघांशी तुलना करताना आपण रीमास्टरिंग मोजतोय असं समजणं चूक आहे.

'काइंड ऑफ ब्लू' हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत, जो आधी एक चर्च होता, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ ला तीन ट्रॅकच्या टेपवर हे रेकॉर्ड झालं. २ मार्चला मुख्य टेपचं मशीन जरा हळू फिरत होतं, आणि हळू मशीनवर उतरवलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की सगळं थोडं जलद आणि थोडं चढं येतं. म्हणजे पहिली बाजू, 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन', तीसेक वर्षं लोकांनी चढ्या सुरातच ऐकली. खबरदारी म्हणून दुसऱ्या मशीनवर चालू ठेवलेली टेप बरोबर वेगाची होती, ती १९९२ च्या सोनेरी सीडीसाठी पहिल्यांदा वापरली. मग १९९७ ला इंजिनिअर मार्क वाइल्डर यांनी तीन ट्रॅकच्या टेपवरून नवं मिक्सच केलं.

आपल्याकडे हे तपासायची फार सोपी सोय आहे, तानपुऱ्याचं ॲप. 'ऑल ब्लूज' दुसऱ्या दिवशीचं आहे, त्याचा वेग कधीच बिघडलेला नव्हता, आणि त्याचा सा धरायचा तर पांढरी पाच. ॲपमध्ये पांढरी पाच लावा आणि बारीक ट्यूनिंगची पट्टी सरकवत तो पियानोशी अगदी जुळवून घ्या. आता बारीक ट्यूनिंगला हात न लावता फक्त पट्टी पांढरी दोन करा आणि त्याच आवृत्तीतलं 'सो व्हॉट' लावा. तानपुरा आणि बेस एकमेकांत मिसळले तर तुमच्याकडे दुरुस्त झालेली आवृत्ती आहे, रेकॉर्ड तानपुऱ्याच्या वर एखादी श्रुती तरंगत राहिली तर जुन्या टेपवरची. हे करायला दोन मिनिटं लागतात, आणि ज्याला थोडंफार गाणं कळतं त्याला कुठलंही मीटर लागत नाही.

एलपी असेल तर शेवटच्या गाण्यानंतर लेबलच्या कडेला जी मोकळी पट्टी असते तिथे तिरप्या उजेडात बघा. कटिंग करणाऱ्याची, म्हणजे मास्टर डिस्कवर खाच कापणाऱ्याची, खूण तिथे कोरलेली असते. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या प्रतींवर रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर यांचा 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असा शिक्का असतो, त्याच कंपनीच्या आत्ताच्या टोन पोएट मालिकेत कटिंग करणारे केव्हिन ग्रे यांची 'केपीजी ॲट सीए' अशी सही सापडते. मग तिथेच कोरलेला आकडा डिस्कॉग्सवर (रेकॉर्डच्या आवृत्त्यांची यादी असलेली साईट) टाकून बघायचा, कुठल्या वर्षीची प्रत, कुठे प्रेस झाली, बहुतेक वेळा मिळून जातं.

आणि कव्हरवर कोणाचंच नाव नसेल, नुसतं 'डिजिटली रीमास्टर्ड' आणि वर सुंदर फोटो, तर सावध राहा. युरोपात रेकॉर्डिंगचा हक्क पूर्वी ५० वर्षं चालायचा, २०१३ ला तो ७० झाला पण तोपर्यंत ज्यांची मुदत संपली होती ती परत हक्कात आली नाहीत. म्हणून १९६२ पर्यंतचं जॅझ तिथे कुणीही छापू शकतं, आणि अशा स्वस्त एलपींमध्ये सीडीवरून घेतलेला आवाज नुसता प्लास्टिकवर चढवलेला असणं अगदी सर्रास आहे. ऐकायला वाईट असेलच असं नाही, पण सीडी घरात असेल तर ती एलपी घेऊन तुम्हाला आवाजाच्या दृष्टीने काही नवीन मिळणार नाही.

आवाज सारखा केल्याशिवाय एकही मत बनवू नका

सगळ्या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. दोन आवृत्त्यांमध्ये अर्धा-एक डेसिबलचा फरक असला तरी मोठी असलेली आपल्याला मोठी वाटत नाही, ती 'जास्त उघडी', 'जास्त जिवंत', 'बेस भरीव' अशी वाटते, कारण आवाज वाढला की कान खालचे आणि वरचे सूर जास्त पकडतो. रीमास्टर बहुतेक वेळा मूळापेक्षा मोठे असतात, म्हणजे तुलना सुरू व्हायच्या आधीच एका बाजूला झुकलेली असते. मी एक गाजलेलं रीमास्टर अनेक महिने सगळ्यांना सांगत होतो की हेच घ्या, मग लेव्हल जुळवून ऐकलं आणि तेच ट्रम्पेट कानात टोचायला लागलं, त्यानंतर मी लेव्हल न जुळवता कुणालाही काहीही सांगितलेलं नाही.

करायचं असं. सीडी असेल तर कॉम्प्युटरवर फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवणारा फाईलचा प्रकार) उतरवून घ्या. ऑडॅसिटी हे ऑडिओ एडिटर फुकट आहे, त्यात लाऊडनेस नॉर्मलायझेशन नावाचा इफेक्ट आहे, दोन्ही फाईलींना तोच आकडा द्या, उणे २३ एलयूएफएस (लाऊडनेस मोजायचं एकक) ठेवा, म्हणजे दोन्हीतली मोठी असेल ती खाली येते आणि टोकं कापली जात नाहीत. विंडोजवर फूबार२००० हा प्लेअर वापरत असाल तर रीप्लेगेन (गाण्यांची लेव्हल मोजून जुळवणारी सोय) स्कॅन करा, तेच काम होतं. पूर्ण गाण्याचा हिशोब नीट बसला नाही, म्हणजे एका आवृत्तीत टाळ्या किंवा फेडआऊट लांब असेल, तर मधला एकच मिनिटभराचा तुकडा दोन्हीतून कापून तो जुळवा. फरक ०.२ डेसिबलच्या आत आणायचा. कानाने आवाजाचं बटण फिरवून हे जमत नाही, मी पुष्कळ प्रयत्न केलाय.

स्ट्रीमिंगवर तुलना करत असाल तर ॲपची स्वतःची नॉर्मलायझेशन चालू आहे की बंद ते आधी बघा, काही ॲप पूर्ण अल्बमच्या हिशोबाने जुळवतात, काही एकेका गाण्याच्या. शिवाय तिथे आवृत्ती गुपचूप बदलली जाते, गेल्या वर्षी जे ऐकलं तेच आज वाजतंय याची खात्री नसते.

खोलीचंही बघा. आपल्याकडे पंखा हा मोठा शत्रू आहे, त्याची घरघर नेमकी टेपच्या हिसवर (टेपचा सततचा बारीक सूं आवाज) आणि झांजेच्या शेवटावर बसते. मी रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, बंद पाठीच्या हेडफोनवर बारीक गोष्टी ऐकतो आणि मग दुसऱ्या दिवशी स्पीकरवर पूर्ण गाणं. स्पीकरवर बेस किती आहे हे तुमची खोली ठरवते, हेडफोनवर तो गोंधळ कमी.

कुठल्या जागा ऐकायच्या

पूर्ण अल्बम एकदा हा, एकदा तो असं ऐकून काही हाती लागत नाही, कारण आवाजाची बारीक आठवण काही सेकंदच टिकते. दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे ठरवा आणि तेवढेच अदलाबदल करून ऐका.

'सो व्हॉट'मध्ये सुरुवातीची धून संपून माइल्सचा सोलो सुरू होतो त्या क्षणी ड्रमर जिमी कॉब झांजेवर एक जोरात मारतो. तो आवाज कसा उठतो हे एक, पण महत्त्वाचं म्हणजे तो कसा विरतो. चांगल्या ट्रान्सफरमध्ये (टेपवरून नव्याने उतरवलेल्या आवाजात) तो ट्रम्पेटच्या मागे बराच वेळ चमकत हळूहळू खाली जातो आणि कुठे संपला ते सांगता येत नाही. हिस काढण्यासाठी जिथे नॉइज रिडक्शन जास्त वापरलंय तिथे झांज मध्येच कापल्यासारखी संपते किंवा तिला पाण्याखालून आल्यासारखी खरखर येते. कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातलं अंतर कमी करणं) जास्त असेल तर उलटं, मार बसताक्षणी बाकी सगळं जरा दबतं आणि मग परत वर येतं.

बेससाठी त्याच गाण्याची धून, तीच मुळात पॉल चेंबर्सच्या बेसवर आहे. प्रत्येक सूर वेगळा कळतोय का, तार ओढल्याची सुरुवात आणि मागचं लाकूड दोन्ही ऐकू येतंय का. माझा एक तबला वाजवणारा मित्र जॅझ फारसं ऐकत नाही, पण त्याने पहिल्याच बैठकीत दोन आवृत्त्यांमधला फरक बरोबर पकडला, म्हणाला, "अरे, एकात डग्ग्याचा घुमारा आहे आणि दुसऱ्यात नुसता धप्पा." त्यानंतर मी बेस असाच ऐकतो. खालचा आवाज वाढवलेलं रीमास्टर पहिल्यांदा भरीव वाटतं, पण त्यात सूर एकमेकांना चिकटतात.

ट्रम्पेटसाठी 'फ्लॅमेंको स्केचेस'. इथे माइल्स हार्मन म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं धातूचं बूच) लावून अगदी माइकजवळ वाजवतो, त्यात पत्र्याची एक बारीक झिणझिण आहे आणि मागे श्वास. वरचे सूर चढवलेल्या आवृत्तीत ही झिणझिण आधी 'वा, किती स्पष्ट' वाटते आणि तिसऱ्या मिनिटाला कान थकतो. कान थकणं हा पुरावाच धरायचा, लिहून ठेवायचं कितव्या मिनिटाला आवाज कमी करावासा वाटला.

त्या स्टुडिओचं छत फार उंच होतं, त्यामुळे सूर थांबल्यावर जो पोकळ आवाज राहतो तोही ऐका. सॅक्सोफोन वाजवणारे कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली स्टिरिओत समोरासमोरच्या बाजूंना आहेत, त्यांच्यामधली जागा रिकामी आणि शांत आहे की कोंदट आहे, हे आवृत्तीगणिक बदलतं.

टेपचा दोष आणि रीमास्टरचा दोष वेगळा ठेवा

ब्लू नोट ऐकताना इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. व्हॅन गेल्डर यांनी आधी न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात आणि १९५९ पासून एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत ही रेकॉर्डिंग केली. त्यांचा सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट जबरदस्त, पण पियानो बऱ्याचदा दबलेला, थोडा डब्यातून आल्यासारखा. तो टेपवरच तसा आहे. एखाद्या आवृत्तीत पियानो एकदम मोकळा वाटला तर इक्वलायझरने तिथे काम केलंय, आणि मग त्याच पट्ट्यात बाकी कुणाचं काय झालं ते बघा.

१९९९ पासून व्हॅन गेल्डर यांनी स्वतःच आपल्या जुन्या रेकॉर्डिंगची २४ बिट रीमास्टर केली, आरव्हीजी एडिशन म्हणून ती मालिका निघाली. ज्याने रेकॉर्ड केलं त्यानेच रीमास्टर केलं म्हटल्यावर यापुढे काय बोलणार असं वाटतं, पण अनेक श्रोत्यांना त्या सीडी जास्त मोठ्या, वरच्या बाजूला चढ्या आणि स्टिरिओत आक्रसलेल्या वाटतात, आणि लेव्हल जुळवून ऐकल्यावर माझंही बऱ्याच अल्बमबाबत तेच मत झालं. सगळ्यांबाबत नाही. नावावरून ठरवता येत नाही एवढंच. मूळ पहिल्या प्रतींचंही तसंच आहे, त्या काळच्या साध्या ग्रामोफोनवर सुई उडू नये म्हणून खालचे सूर कमी करून, थोडं कॉम्प्रेस करून त्या कापलेल्या होत्या. त्यात एक जोर आहे जो मला फार आवडतो, पण टेपवर नेमकं काय आहे हे आजच्या चांगल्या प्रतींमधून जास्त कळतं.

मोनो अल्बमसाठी एक छोटी तपासणी. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' २२ जून १९५६ चा, मोनोच आहे (हेच रॉलिन्स साठच्या दशकात पवईच्या आश्रमात येऊन राहिले होते, आणि १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवून गेले). फाईल ऑडॅसिटीत टाका, डावं-उजवं वेगळं करा, एक उलटं करा आणि दोन्ही मिसळा. खरं मोनो असेल तर जवळजवळ शांतता मिळते. बेस आणि झांज ऐकू येत राहिली तर बहुधा ती साठच्या दशकातली खोट्या स्टिरिओची करामत आहे, खालचे सूर एका बाजूला आणि वरचे दुसऱ्या बाजूला ढकललेले, घेऊ नका. एलपीवरून उतरवलेलं असेल तर खाली खरखर उरणारच, ती सोडून द्या. मग 'सेंट थॉमस'च्या सुरुवातीला मॅक्स रोचचे ड्रम ऐका, प्रत्येक ड्रमचा सूर वेगळा कळला पाहिजे.

नाव झाकून ऐका

दोन फाईली जुळवून झाल्या की फूबारमध्ये एबीएक्स नावाचं कंपोनंट टाका. ते तुम्हाला अ, ब आणि एक गुप्त क्ष देतं, क्ष यातला कुठला ते ओळखायचं. १६ वेळा करा. १२ बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या खाली आहे. १० पैकी ८ वर समाधान मानू नका, ते नशिबानेही शंभरात पाचसहा वेळा होतं. एका बसणीत सगळं उरकायचं नाही, चार-पाच झाले की थांबून पाणी प्या.

इथे 'काइंड ऑफ ब्लू'चा वेग परत आडवा येतो. १९९२ च्या आधीची आणि नंतरची आवृत्ती असेल तर पहिल्या बाजूचं गाणं घेऊ नका, सूरच वेगळा असल्याने क्ष लगेच ओळखू येईल आणि आवाजाबद्दल काहीच कळणार नाही. 'ऑल ब्लूज' किंवा 'फ्लॅमेंको स्केचेस' घ्या. दोन्ही फाईलींची सुरुवात एकाच ठोक्यावर कापून घ्या, नाहीतर शांततेच्या लांबीवरूनच उत्तर कळतं.

ही झाकपाक अनावश्यक वाटत असेल तर २०२२ आठवा. मोबाईल फिडेलिटी ही नावाजलेली कंपनी आपल्या अनेक महागड्या एलपी कापण्याआधी टेप डिजिटल डीएसडीमध्ये उतरवत होती हे तेव्हा बाहेर आलं, आणि डिजिटल लगेच ओळखू येतं म्हणणाऱ्या कित्येकांनी त्याच एलपी आदर्श ॲनालॉग म्हणून वाखाणल्या होत्या. त्या प्रती चांगल्या वाजतात म्हणूनच आवडल्या होत्या, माहिती कळल्यावर त्यातला एकही सूर बदलला नाही.

मीटर कितपत मानायचं

डायनॅमिक रेंजचा (मोठ्या आणि लहान आवाजातल्या अंतराचा) आकडा, लोक डीआर म्हणतात तो, सीडी आणि फाईलींच्या तुलनेत उपयोगी आहे. एकाच अल्बमची एक आवृत्ती १३ आणि दुसरी ८ दाखवत असेल तर दुसरी दाबलेली आहे, ऑडॅसिटीत तिची टोकं कात्रीने सारखी केल्यासारखी दिसतील. पण १२ आणि १३ वरून भांडू नका. आणि एलपीवरून उतरवलेल्या फाईलीचा डीआर सीडीच्या शेजारी ठेवू नका, कटिंग आणि सुईमुळे टोकं बदलतात आणि तोच मास्टर असूनही एलपीचा आकडा वर येतो.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे फाईलीत किती वरपर्यंतचे सूर आहेत ते दाखवणारं चित्र, मात्र एकदा बघाच. ९६ किलोहर्ट्झची हाय-रेझ फाईल म्हणून पैसे दिलेत आणि २२ किलोहर्ट्झच्या आसपास भिंत घातल्यासारखं सगळं संपतंय, तर बहुधा सीडीची फाईल फुगवून विकलीय. तसं काही नसेल आणि वरपर्यंत टेपची हिस दिसत असेल तर निदान टेपवरून नवं ट्रान्सफर झालंय.

हिसबद्दल माझं मत पक्कं आहे, ती राहू द्यावी. पियानोवादक बिल एव्हान्सच्या ट्रिओचं २५ जून १९६१ चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं रेकॉर्डिंग घ्या, तळघरातला छोटा क्लब, लोक बोलतायत, ग्लास वाजतायत, आणि पुढच्या ११ दिवसांत बेस वाजवणारा स्कॉट लाफॅरो गाडीच्या अपघातात गेला, त्यामुळे त्या दिवसाचं जे आहे ते एवढंच आहे. माझ्याकडे त्यातून निघालेल्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'च्या दोन सीडी आहेत. एकीत हिस जवळपास नाही, दुसरीत पहिल्या सेकंदापासून आहे. ड्रमर पॉल मोशनचे ब्रश चालू असताना मागे कुणीतरी ग्लास ठेवतं, तो टिण् आवाज पहिल्या सीडीत येतो आणि तिथेच विझतो, दुसरीत तो खोलीभर पसरतो आणि ती खोली किती मोठी होती, पियानो आपल्यापासून किती लांब होता, हे त्या एका आवाजावरून कळतं. नाव झाकून १६ पैकी १४ वेळा ओळखता आलं, आणि पहिली सीडी मी देऊन टाकली.